‘तू झालास त्या दिवशी…’ : वाढदिवसाला जन्माच्या दिवसाची आठवण सांगायची, तर तयारी अशी करा

वाढदिवसाला ‘तू झालास तेव्हा…’ असं कुणी सांगायला घेतलं की बहुतेक घरांत एकच प्रकार होतो. वडील सुरुवात करतात, आई मध्येच म्हणते, “अहो, तो पाऊस थोरल्याच्या वेळचा,” आत्या तिसरंच काही सांगते आणि तेवढ्यात केक येतो. ज्याचा वाढदिवस, त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्या दिवशी दवाखान्यात असलेली माणसं दरवर्षी कमी होत जातात, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये.

तयार काय करायचं, तर एक पानाचा मजकूर. साधारण ३०० ते ३५० शब्द, सावकाश वाचला तर तीन-साडेतीन मिनिटं. त्यातली तारीख तपासलेली हवी, आणि मजकूर त्याच माणसाला उद्देशून हवा. यासाठी तीन आठवडे धरा. आदल्या रात्री बसून हे जमत नाही, कारण ज्यांना विचारायचं असतं ती माणसं आदल्या रात्री पुरणाच्या किंवा पाहुण्यांच्या गडबडीत असतात.

टप्पा १ : गोष्ट कोणाची, सांगणार कोण (तीन आठवडे आधी)

बाळंतपणाची गोष्ट आधी आईची असते, मग बाळाची, आणि नंतर बाकी सगळ्यांची. आई हयात असेल तर तिला विचारल्याशिवाय कामाला लागू नका. “या वाढदिवसाला तो झाला त्या दिवसाचं लिहून वाचायचं म्हणतोय, चालेल ना?” एवढं पुरे. ती नुसती “बघू” म्हणाली तर थांबा, दोन दिवसांनी एकटी असताना पुन्हा विचारा.

वाचणारा माणूसही आत्ताच ठरवा. आईला भरून येणार असेल तर तिच्या हाती कागद देऊ नका. मावशी, मोठी बहीण, काका, ज्याचा आवाज खणखणीत आहे आणि जो स्वतःचं घुसडणार नाही, असा माणूस निवडा.

टप्पा २ : तारीख, वार, वेळ पक्की करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. हा टप्पा घाईनं उरकू नका.

१. कागद गोळा करा. जन्मदाखला, दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद, लसीकरणाचं कार्ड, जन्मटिपण किंवा पत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला. जन्मदाखल्यावर जन्म दिनांक आणि नोंदणी दिनांक असे दोन दिनांक असतात. घाईत दुसराच उतरवून घेतला जातो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याआधीच्या जन्मांसाठी गावच्या कोतवाल बुकातली नोंद मिळू शकते. जुनी पुस्तकं बहुधा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. तिथे बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतंच. वडिलांचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं, म्हणून वडिलांच्या नावानं शोधा.

२. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती तारीख खरी धरू नका. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर १ जून लिहून टाकत, आणि महाराष्ट्रात असे १ जूनवाले घरोघर आहेत. तारीख सापडलीच नाही तर ओढूनताणून ठरवू नका. ‘ज्येष्ठात, पेरणीच्या आधी’ एवढं खरं असेल तर तेवढंच लिहा.

३. रात्रीचा जन्म असेल तर वार दोनदा तपासा. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगातला वार मात्र सूर्योदयाला. पहाटे तीनला झालेल्या बाळाला आजी ‘सोमवारी रात्री’ झाला म्हणते आणि दाखल्यावर मंगळवारची तारीख असते. दोघंही बरोबर असतात. किल्लारीच्या भूकंपाचंच बघा. लातूर-धाराशिवकडे लोक ‘गणपती विसर्जनाच्या रात्री’ म्हणतात. अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबर १९९३, बुधवारची. भूकंप झाला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, म्हणजे ३० तारखेला, गुरुवारी. त्या रात्री जन्मलेल्या बाळाची आजी बुधवार सांगेल, दवाखाना गुरुवार लिहील. मजकुरात ‘बुधवारची रात्र सरत आली होती, गुरुवारची पहाट होती’ असं लिहिलं की दोघांचाही मान राहतो.

४. टिपणावर फक्त शके असेल तर चैत्र पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. शके १८८३ चा आषाढ १९६१ मधला, पण त्याच शकातला माघ १९६२ चा. सरसकट ७८ मिळवल्यामुळे पौष, माघ आणि फाल्गुनातली माणसं कागदावर एक वर्षानं मोठी होतात.

५. ‘मृगात झाली’ म्हणजे काय, ते विचारून घ्या. पावसाचं मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. तिथे सूर्याचं नक्षत्र मोजतात. पत्रिकेतलं जन्मनक्षत्र चंद्राचं, ते दर महिन्याला येतं. पत्रिकेत ‘मृग’ दिसलं म्हणून गोष्टीत पहिला पाऊस घालू नका, बाळ जानेवारीतलंही असू शकतं.

६. इंदूर, ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत टिपण तिथल्या पंचांगावरून केलं असेल तर वद्य पक्षातला महिना एक घर पुढचा दिसतो. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमी, तिकडे ती भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच असतो, फक्त महिन्याचं नाव वेगळं.

७. परदेशात जन्म असेल तर इकडच्या आजी-आजोबांची तारीख वेगळी येते. न्यू जर्सीत ४ तारखेला उन्हाळ्यातल्या रात्री नऊला बाळ झालं, तर इथे ५ तारखेची सकाळ, साडेसहा. आजोबांनी डायरीत ५ लिहिलेली असते. जन्मतारीख तिथलीच धरा. ‘इथे फोन आला तेव्हा दूधवाला दारात होता’ ही आठवण मात्र इथली, आणि ती ठेवण्यासारखी आहे.

८. पंचाहत्तरीच्या आसपासच्या किंवा पुढच्या माणसाचा जन्म मुंबईतला असेल तर वेळेवर फार जोर देऊ नका. मुंबईची स्थानिक वेळ १९५५ पर्यंत चालू होती आणि ती भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. टिपणातली वेळ कोणत्या घड्याळाची, हे कुठे लिहिलेलं नसेल तर ‘सकाळी नऊच्या सुमारास’ म्हणा.

*तपासा :* तारीख आणि वार जुळतात का, ते फोनमधल्या कॅलेंडरात त्या वर्षात जाऊन बघा. १९०१ ते २०९९ मध्ये दर २८ वर्षांनी तारखा त्याच वारांवर येतात, त्यामुळे घरात जुनी कालदर्शिका असेल तर तीही चालते.

तिथीनं वाढदिवस करणाऱ्या घरांसाठी एक गोष्ट. दर १९ वर्षांनी तिथी आणि तारीख जवळजवळ एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक पडतो. २००६ चा गुढीपाडवा ३० मार्चला होता, २०२५ चाही ३० मार्चलाच. म्हणजे १९, ३८, ५७ आणि ७६ हे वाढदिवस जन्माच्या दिवसाची गोष्ट सांगायला फार चांगले. चंद्रही जवळपास त्या रात्रीसारखाच असतो.

टप्पा ३ : कोणाला, कोणत्या क्रमानं विचारायचं

पहिली आई, आणि तीही एकटी. घोळक्यात विचारलं की ती दुसऱ्यांच्या आठवणींना मान डोलावते.

दुसरी व्यक्ती, तिच्याबरोबर दवाखान्यात असलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर ही व्यक्ती आजोळची असते, म्हणजे आजी, मावशी, मामी किंवा शेजारच्या काकू. अशा वेळी वडील बहुधा तिथे नव्हते. त्यांची आठवण जन्माची नसते, निरोप मिळाल्याची असते. तार आली तेव्हा ते कचेरीत होते की मळ्यात, हे त्यांना विचारा. बाळ रडलं कसं, हे त्यांना विचारून उपयोग नाही. ही गल्लत टाळली तर अर्ध्या विसंगती आपोआप सुटतात.

तिसरं, मोठी भावंडं. त्या वेळी सहा-सात वर्षांच्या पुढे असलेलं भावंडच धरा. त्याला दवाखान्यातलं काही माहीत नसतं, पण त्या रात्री आपल्याला कोणाकडे झोपवलं आणि सकाळी कोणी वेणी घातली, हे पक्कं आठवत असतं.

एकसष्टी किंवा सहस्रचंद्रदर्शन असलेल्या माणसाच्या बाबतीत आई आणि मावशा बहुधा राहिलेल्या नसतात. तिथे वयानं मोठी चुलत-आते भावंडं आणि गावाकडचे शेजारी शोधा. आईनं त्यांना जे सांगितलं ते ऐकीव आहे हे मान्य करा आणि मजकुरात ‘आई सांगायची’ असंच लिहा.

टप्पा ४ : प्रत्यक्ष विचारणं

एका बैठकीला अर्धा ते पाऊण तास, त्याहून जास्त नको. दुपारच्या झोपेनंतर, चहा झाल्यावरची वेळ चांगली. रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा, मग फोन घडी घातलेल्या टॉवेलवर त्यांच्या बाजूला ठेवा. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच कॉल येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. पंखा बंद किंवा अगदी कमी. कुकर लावायचा असेल तर तो आधी होऊ द्या.

“तेव्हा कसं वाटलं?” हा प्रश्न पहिला विचारू नका. त्याचं उत्तर “छान वाटलं” असंच येतं. हाताला लागणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा :

– कळा सुरू झाल्या तेव्हा हातात काय काम होतं? चुलीवर किंवा गॅसवर काय होतं?
– दवाखान्यात कशानं नेलं? टांगा, बैलगाडी, रिक्षा, एस.टी.? घरीच झालं असेल तर सुईणीला बोलवायला कोण गेलं?
– बरोबर कोण होतं आणि घरी कोण राहिलं?
– वीज होती का? पाऊस होता का?
– बाळाला पहिल्यांदा कोणी घेतलं? कशात गुंडाळलं?
– कोणासारखं दिसतं असं पहिल्यांदा कोण म्हणालं?
– घरी निरोप कसा पोचला? काय वाटलं, पेढे, बर्फी की जिलेबी?
– त्या दिवशी तुला पहिल्यांदा खायला काय दिलं?

शेवटचा प्रश्न गाळू नका. त्या दिवशी सगळे बाळाकडे बघत असतात, आईनं काय खाल्लं हे नंतर कुणी विचारलेलंच नसतं. कपभर चहा आणि बुडवलेला पाव, गरम वरणभात, कुणीतरी पदराखाली झाकून आणलेला शिरा. हे सांगताना पुष्कळ आयांचा आवाज बदलतो, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते. तेव्हा गप्प बसा, पुढचा प्रश्न विचारायची घाई करू नका.

*इशारा :* पाचवी, बारसं आणि पहिला वाढदिवस यांच्या आठवणी जन्माच्या दिवसात मिसळतात. ‘आत्यानं कानात कुर्र केलं’ हे बारशाचं. ‘डिंकाचे लाडू आले’ हेही बहुधा नंतरच्या दिवसांचं. “हे त्याच दिवशी की बारशाला?” असं प्रत्येक वेळी विचारा.

टप्पा ५ : आठवणी जुळत नाहीत तेव्हा

ज्याच्या डोळ्यांसमोर घडलं त्याचं धरा. खोलीतलं आईचं, व्हरांड्यातलं मावशीचं, घरचं भावंडांचं. तरीही अडलं तर त्या दिवसाजवळची मोठी घटना खूण म्हणून वापरा. पुण्याकडे पानशेत फुटलं तो दिवस, १२ जुलै १९६१, बुधवार. अष्टग्रहीचा, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आल्यानं जग बुडणार असा, बोभाटा फेब्रुवारी १९६२ चा. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, तारखेनं सोमवार, पण पुष्कळांच्या तोंडी ‘रविवारची रात्र’. १९७२ चा दुष्काळ. मुंबईतला २६ जुलै २००५ चा पाऊस, मंगळवार. “पानशेतच्या आधी की नंतर?” असं विचारलं की आठवण बरोबर खाचेत बसते.

वजन पौंडात सांगितलं तर एका पौंडाचे ४५४ ग्रॅम धरा. ‘साडेसहा पौंडाचा’ म्हणजे २ किलो ९५० ग्रॅमच्या आसपास. पौंड आणि किलोची गल्लत झाली की साडेसहा किलोचं बाळ जन्माला येतं आणि सगळी गोष्ट खोटी वाटायला लागते.

दोन आठवणी मिटतच नसतील तर दोन्ही लिहा. ‘आई म्हणते रिक्षा, मावशी म्हणते टांगा.’ कोण चुकलं याचा निवाडा वाढदिवसाला करायचा नसतो.

टप्पा ६ : काय गाळायचं

‘सगळे मुलाची वाट बघत होते आणि तू झालीस’ हे वाक्य कितीही हसत सांगितलं जात असलं तरी लिहू नका. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकोशी’ नावाच्या मुलींना समारंभानं नवी नावं द्यावी लागली होती. त्या नावात होतं तेच या वाक्यात आहे, आणि ऐकणारी ते आयुष्यभर धरून ठेवते. त्याऐवजी त्या दिवशी तिला पाहून कोण हरखलं होतं ते शोधा. एक तरी माणूस सापडतोच.

‘तुझ्यामुळे आईनं किती भोगलं’ हेही नको. बाळंतपण अवघड गेलं असेल तर एका वाक्यात सांगा आणि ज्यांनी साथ दिली त्यांच्याकडे वळा. आधीचं मूल गेलेलं असेल, जुळ्यातलं एक राहिलं नसेल, तर आईनं स्वतःहून परवानगी दिली तरच उल्लेख करा, आणि तोही चारचौघांत नको.

दत्तक मुलासाठी ‘तू घरी आलास तो दिवस’ लिहा, याच सगळ्या टप्प्यांनी. गाडीत कोणाच्या मांडीवर होता, दारात भाकरतुकडा कोणी ओवाळून टाकला, रात्री झोपला की नाही. जन्माच्या दिवसाबद्दल जे माहीत नाही ते रंगवून सांगू नका. जुळ्यांसाठी दोन वेगवेगळे मजकूर करा, मध्ये दहा मिनिटांचंच अंतर असलं तरी.

टप्पा ७ : लिहिणं (आठवडाभर आधी)

१. ‘तू’ म्हणून लिहा. वडीलधाऱ्यांना तुमच्या घरात जसं हाक मारता तसं. घरी ‘आई, तू’ आणि ‘बाबा, तुम्ही’ असेल तर कागदावरही तेच.

२. पहिल्या वाक्यातच दिवस, वेळ आणि जागा द्या.

३. एका पानात चार-पाच तपशील पुरे. गोळा केलेल्यातलं निम्मं गळणारच.

४. शुभेच्छा शेवटी, एक-दोन वाक्यांत.

फरक बघा. असं नको : ‘तुझ्या आगमनानं आमचं घर आनंदानं न्हाऊन निघालं.’ हे कुणालाही लागू पडतं. असं लिहा : ‘तू झालीस तो गुरुवार, पहाटे पावणेपाच. वीज गेली होती. मावशीनं खिडकीत मेणबत्ती लावली आणि तुला आजीच्या जुन्या इरकलीत गुंडाळलं. तू रडली नाहीस, मेणबत्तीकडे बघत राहिलीस. आईनं आधी विचारलं, “बोटं मोजलीत का?” मावशीनं दोनदा मोजली.’

लिहून झालं की आईला वाचून दाखवा. तिनं एखादं वाक्य काढायला सांगितलं तर कारण न विचारता काढा.

*तपासा :* मोठ्यानं वाचून वेळ लावा. चार मिनिटांच्या वर गेलं तर कापा. लहान मुलं तेवढीच बसतात आणि मोठी माणसंही.

टप्पा ८ : वाढदिवसाचा दिवस

जागा ठरलेली ठेवा : औक्षणानंतर आणि केकच्या आधी. केक कापला की मुलं पांगतात, ताटल्या वाजायला लागतात.

औक्षणाची तयारी आधीच करा. पाट, भोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि काहीतरी गोड. कुंकू लावून अक्षता, मग सुपारी आणि अंगठी ओवाळायची, मग निरांजन, मग तोंड गोड. निरांजनासाठी पंखा बंद होतोच. तो तसाच राहू द्या आणि लगेच वाचायला घ्या, आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो. निरांजन फुंकून विझवू नका, वाचन संपेपर्यंत देवापाशी तेवत राहू द्या.

पहिली ओवाळणी आईची. ती विधवा असली तरी पहिली तिचीच. ज्या दिवसाची गोष्ट सांगायची आहे, त्या दिवशी सगळ्यात जवळ ती होती. तिला मागच्या खुर्चीत बसवून ही गोष्ट वाचता येत नाही.

आई नसेल तर त्या दिवशी सोबत असलेल्या व्यक्तीला पुढे बोलवा. ती गावी असेल तर टप्पा ४ मधलं रेकॉर्डिंग मिनिटभर ऐकवा, पण आधी स्पीकरला जोडून पाहा.

*इशारा :* वाचताना कुणी “नाही, असं नव्हतं” म्हणालं तर वाद घालू नका, “ते नंतर लिहून घेतो” म्हणून पुढे जा, आणि खरंच लिहून घ्या.

टप्पा ९ : जपून ठेवणं

चांगल्या कागदावर हातानं लिहिलेली प्रत त्या माणसाला द्या. खाली तारीख आणि कोणी काय सांगितलं ते लिहा. जुने फोटो घ्यायचे असतील तर खिडकीजवळ, उन्हाची तिरीप नसताना, फ्लॅश बंद करून वरून फोटो काढा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच फोटो घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात.

रेकॉर्डिंगच्या फाइलला सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख असं नाव द्या, आणि ती किमान दोन ठिकाणी ठेवा, एक प्रत फोनबाहेर. कागदाच्या मागची बाजू कोरी सोडा. वाढदिवसाच्या रात्री पाहुणे गेल्यावर, भांडी आवरता आवरता, कुणाला तरी आणखी एक गोष्ट आठवते, ती तिथे लिहायची.